केसपेपरवरील एक रकाना
(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवालवर्षातील शस्त्रक्रियांचे, तपासण्यांचे आणि जमाखर्चाचे आकडे आपल्यासमोर मांडले गेले आहेतच. मी केसपेपरवरील एका लहानशा रकान्याविषयी बोलणार आहे. नाव, वय, गाव यांच्याखाली ‘व्यवसाय’ असे छापलेले असते. त्यापुढे बहुधा ‘मजुरी’, ‘शेती’ किंवा ‘गृहिणी’ यांपैकी एक शब्द पडतो आणि कागद पुढे सरकतो.

इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाला विचारावयाच्या हिपोक्रेटिसच्या प्रश्नांत त्यांनी आणखी एकाची भर घातली : आपण काम काय करता? तीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न आपल्या बाह्यरुग्ण विभागात घाईत राहून जातो.

लातूरची बाजारपेठ तुरीसाठी आणि डाळमिलांसाठी ख्यातकीर्त आहे. डाळमिलमध्ये दिवसभर टरफलांची धूळ श्वासात घेणाऱ्याचा खोकला केवळ औषधाच्या बाटलीने कसा जाईल? आडतीवर पोती उचलणाऱ्या हमालाचे गुडघे आणि कंबर चाळिशीतच कुरकुरू लागतात, ते वयामुळे नव्हे. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे डॉ. बाबा आढाव हे स्वतः वैद्यकीय व्यवसायातले. राज्यात माथाडी कायदा १९६९ साली झाला. तरीही शंभर किलोचे पोते पन्नासवर यावे, एवढ्यासाठी हमालांना दीर्घकाळ झगडावे लागले. ज्याने कंबरदुखी मुळापासून थांबते असे औषध कधीकधी आमच्या औषधालयात नसते, ते पोत्याच्या वजनात असते.

नांदेडची उस्मानशाही मिल आता इतिहासजमा झाली आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराचे एक वैशिष्ट्य मात्र तरुण डॉक्टरांनी ध्यानी ठेवावे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते. रुग्णाला वार विचारला नाही, तर हे निदान दम्यात हरवून जाते. कायद्यानुसार हा आजार नुकसानभरपाईस पात्र आहे. पण निदानच नोंदले गेले नाही, तर भरपाई मागणार कशाच्या आधारे?

आता ज्या विषयासाठी मी उभा आहे, त्याकडे वळतो. मुखेड, कंधार, जळकोट भागांतील तांड्यांवरून आणि वाड्यावस्त्यांवरून दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचा दंड. पहाटेपासून तोडणी करायची, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या आणि रात्री कोपीत पाठ टेकायची. तिथे न्हाणी नाही, शौचालय नाही. म्हणून बाई पाणीच कमी पिते. पुढे लघवीची जळजळ, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे सुरू होते. पाळीचे दिवसही उसाच्या फडातच काढावे लागतात. अशा स्त्रीला कुणी कर्करोगाची भीती घातली, तर ती ‘पिशवी काढून टाका’ म्हणते, यात नवल ते काय?

बीड जिल्ह्यातील हे वास्तव २०१९ साली राज्यापुढे आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानुसार पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे साधारणतः दर सहाजणींमागे एक. पुढे त्या जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. ऐन उमेदीत गर्भाशय, आणि त्यासोबत बीजकोशही गेले, की हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि मोळी तर डोक्यावर तशीच राहते. यांतील पुष्कळ तक्रारी साध्या गोळ्यांनी, स्वच्छ पाण्याने आणि थोड्या विश्रांतीने बऱ्या होण्याजोग्या असतात. गुढीपाडव्यानंतर या स्त्रिया परततात, आपल्या दारी येतात, आणि केसपेपरवर त्यांची नोंद होते ‘गृहिणी’!

बंधुभगिनींनो, रुग्णालय हेही कामाचे ठिकाण आहे. लागोपाठच्या रात्रपाळ्या करणाऱ्या परिचारिकेची झोप आणि कचऱ्याच्या पिशवीतील सुई बोटात शिरलेली सफाई सेविका यांची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ-बी आणि धनुर्वात यांची प्रतिबंधक लस देणे आवश्यक आहे. ‘प्रत्येकाला’ या शब्दात कंत्राटी आया आणि सफाई कामगारही येतात.

विश्वस्त मंडळास माझी विनंती अशी. यंदाचे केसपेपर छापावयास जाण्यापूर्वी ‘व्यवसाय’ या शब्दाच्या जागी तीन ओळी घालाव्यात : प्रत्यक्ष काम कोणते, किती वर्षांपासून, आणि कामाच्या जागी पाणी व शौचालय आहे काय. नोंदणी खिडकीवरील सेवकांना हे प्रश्न विचारण्यास अर्धा मिनिट अधिक लागेल, म्हणून सोमवारी तिथे एक जादा माणूस द्यावा. तसेच पिशवी काढण्याचा सल्ला घेऊन आलेल्या प्रत्येक ऊसतोड महिलेची दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून विनामूल्य तपासणी व्हावी, असा ठराव आजच्याच सभेत मांडण्याची अनुमती मी अध्यक्ष महोदयांकडे मागतो.