स्थिर कॅमेरा, स्पष्ट नोंद
(चित्रीकरण प्रशिक्षण वर्गातील भाषण)



चित्रीकरण आता केवळ व्यावसायिकांचे काम राहिलेले नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम १०५ नुसार झडती व जप्ती, तसेच जप्त वस्तूंची यादी करून तीवर साक्षीदारांच्या सह्या घेणे, या साऱ्याचे दृक्‌श्राव्य मुद्रण शक्यतो मोबाइल फोनवर करावयाचे आहे. पंच म्हणून उभे राहण्याचा प्रसंग आपल्यापैकी कोणावरही येऊ शकतो. चित्र हलले, तर यादीतील अक्षरे वाचता येत नाहीत. मग त्या नोंदीचा उपयोग काय? ग्रामसभेच्या वा शाळेतील प्रयोगाच्या चित्रणासही हेच लागू आहे.

वृत्तचित्रणाचा जड कॅमेरा खांद्यावर टेकतो आणि त्याच्या वजनामुळेच बारीक थरथर कमी होते. हलक्या फोनला हा आधार आपल्या शरीराने द्यावयाचा असतो. फोन आडवा व दोन्ही हातांनी धरावा. हातांची कोपरे बरगड्यांशी टेकलेली, पाय खांद्यांइतक्या अंतरावर, गुडघे किंचित सैल आणि श्वास संथ असावा. जवळ भिंत वा खांब असल्यास पाठ टेकावी. फोनच्या पकडीला सुतळी बांधून तिचे टोक पायाखाली दाबावे व सुतळी ताठ ठेवावी. वरखाली होणारी थरथर त्याने कमी होते.

झूम वापरला, की वस्तूबरोबर हादराही मोठा दिसतो. म्हणून शक्य तेथे चार पावले पुढे जावे. कॅमेरा वळवावयाचा असल्यास पावले शेवटच्या दिशेला रोखून कमरेतून मागे वळावे आणि चित्रण करीत सावकाश सरळ व्हावे.

अमेरिकेतील गॅरेट ब्राऊन यांनी १९७० च्या दशकात ‘स्टेडिकॅम’ हे साधन तयार केले. ‘रॉकी’ (१९७६) या चित्रपटात ते वापरले गेले. चालणाऱ्याचे हादरे कॅमेऱ्यापर्यंत पोचू न देणे, हे त्याचे तत्त्व. साधनाविनाही ते काही अंशी पाळता येते. गुडघे वाकवून, टाच आधी टेकवीत लहान पावले टाकावीत.

फोनमधील संगणकीय स्थिरीकरण उपयुक्त खरे. परंतु ते चित्राच्या कडा कापते, आणि अंधुक उजेडात हात हलल्याने आलेला पुसटपणा त्याने जात नाही. म्हणून आधी उजेड व आधार पाहावा.

आपल्या कार्यालयातील सूचनाफलकाचे चित्रण करून पाहावे. पडद्यावर प्रत्येक ओळ वाचता आली, म्हणजे हात तयार झाला असे समजावे. प्रसंगी जो हजर नव्हता, त्याला याच चित्रावरून निर्णय करावयाचा असतो.