आरोग्याचें दारिद्र्य कसें मोजावें?

(महोत्सवाच्या सभेंत झालेलें भाषण)



गरीब कोण, असें कोणीं विचारलें असतां आपण प्रथम मनुष्याची मिळकत पाहतों. परंतु मिळकत एका वहींत व आजार दुसऱ्या वहींत लिहिला, म्हणजे दोन्ही एकाच घरचे आहेत हें कोणास दिसत नाहीं. या अडचणीवर ऑक्सफर्डच्या सबीना अल्कायर व अमेरिकेंतील जेम्स फॉस्टर यांनीं एक पद्धति बसविली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानव विकास अहवालांत ती सन २०१० मध्यें आली. तींत प्रत्येक घराचें आरोग्य, शिक्षण व राहणीमान पाहतात. तिन्ही अंगांचें वजन सारखें. उणिवांची बेरीज एक तृतीयांश भरली, कीं तें घर दरिद्री.

आतां उदाहरणापुरतें एक घर डोळ्यांपुढें आणा. भिंती पक्क्या, दारांत नळ, विजेचा दिवा, मुलें शाळेंत. पण आई हाडांची काडी झालेली, आणि गेल्या पांच वर्षांत एक मूल दगावलेलें. जागतिक मापांत कुपोषणास एक षष्ठांश, बालमृत्यूस एक षष्ठांश. बेरीज एक तृतीयांश. घर दरिद्री ठरलें. मिळकतीच्या वहीनें हें कधींच सांगितलें नसतें.

हेंच घर आपल्या नीति आयोगाच्या मापाखालीं ठेवूं. आयोगानें माता-आरोग्यास स्वतंत्र स्थान दिलें, हें उचितच; परंतु त्यापायीं बालमृत्यूचें वजन निम्म्यावर, एक द्वादशांशावर आलें. बेरीज एक चतुर्थांश. तेंच घर, तीच आई, आणि आतां तें दरिद्री नाहीं! शेवटच्या बाळंतपणापूर्वीं तिच्या चार तपासण्या झाल्या नसतील, तर मात्र तें पुन्हां यादींत येतें. मूल गेलेल्या आईस हा हिशेब समजावून सांगण्याचें धैर्य मजपाशीं नाहीं.

आयोगाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणें महाराष्ट्रांत अशा दरिद्री लोकांचें प्रमाण २०१५-१६ मधील शेंकडा १४.८० वरून २०१९-२१ मध्यें ७.८१ वर उतरलें. घट मोठी आहे व आनंदाचीही आहे. पण वरील घर त्या ७.८१ मध्यें नाहीं. औषधापायीं ज्यांचें शेत गहाण पडलें, तेही केवळ त्या कारणानें तेथें येत नाहींत. उपचाराचा खर्च दोन्ही मापांत विचारलाच जात नाहीं.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या धर्मग्रामांत घरोघर भेटीस जाणाऱ्या मंडळींनीं मिळकतीच्या रकान्याशेजारीं आणखी तीन रकाने आंखावे: घरांत कोणी अशक्त आहे काय, पांच वर्षांत मूल गेलें काय, आजारासाठीं कर्ज काढलें काय. आणि एका घराचीं सारीं उत्तरें एकाच पानावर लिहावीं.