मारिओची उडी आणि आपली मुले
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडतील. शिक्षकाने व्यासपीठावरून अभ्यासाविषयी बोलावे, व्हिडिओ गेमविषयी का बोलावे? आपली शंका रास्त आहे. तरीही थोडा वेळ माझे ऐकून घ्या. मुले या खेळात बुडून का जातात आणि आपल्या वर्गात का बुडत नाहीत, हा प्रश्न शिक्षणाचाच आहे.

हा खेळ म्हणजे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. जपानमधील क्योतो शहरातल्या निन्टेंडो कंपनीने तो १३ सप्टेंबर १९८५ रोजी बाजारात आणला. ही कंपनी १८८९ मध्ये खेळायचे पत्ते बनवण्यासाठी स्थापन झाली होती. खेळाचे मुख्य रचनाकार शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका, तर संगीत कोजी कोंडो यांचे. त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त संच आपल्याकडच्या बाजारातही आले. आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेक पालकांनी ‘कॅसेट’ फुंकून तो खेळलेला असेल!

मित्रांनो, खेळ अगदी साधा आहे. मारिओ नावाचा मिशीवाला गडी डावीकडून उजवीकडे धावतो. एका बटणाने उडी, दुसऱ्याने वेगाने धावणे. बटण जितके दाबून धराल तितकी उडी उंच. धावत येऊन माराल तर लांब. वाटेत खड्डे, नळकांडी, शत्रू. असे ८ प्रदेश आणि प्रत्येकात ४ टप्पे, म्हणजे एकूण ३२. पडदा पुढे सरकतो, मागे सरकत नाही. सुटलेले नाणे सुटले! वर वेळेचा आकडा उतरत असतो. तो १०० च्या खाली आला की संगीताची गती वाढते आणि खेळणाऱ्याची छातीही धडधडू लागते.

आता नीट लक्ष द्या. या खेळात सुरुवातीला कोणीही सूचना वाचून दाखवत नाही, तरी पहिल्या मिनिटात मूल सारे शिकते. कसे? मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. म्हणजे जायचे कुठे, हे सांगावे लागत नाही. थोडे पुढे गेले की प्रश्नचिन्हाचा चमकणारा ठोकळा दिसतो आणि समोरून गूम्बा नावाचा लहानसा शत्रू चालत येतो. धडकलात तर मेलात; पण नुकसान किती? काही क्षणांचे. पुन्हा सुरुवात केली की हात आपोआप उडीच्या बटणावर जातो. उडी मारली की गूम्बा चिरडतो, नाहीतर डोके ठोकळ्यावर आपटून नाणे निघते. एका ठोकळ्यातून अळंबी बाहेर पडते. ती उजवीकडे सरकते, नळकांड्यावर आपटते आणि परत आपल्याच दिशेने येते. मूल घाबरते, पण स्पर्श होताच मारिओ मोठा होतो! भीती वाटली ती वस्तू उपकारक निघाली, हा धडा मूल जन्मभर विसरत नाही.

आणखी एक उदाहरण. याच टप्प्यात पुढे दोन पायऱ्यांच्या मधली दरी ओलांडायची असते. पहिल्या जागी मध्ये जमीन आहे. उडी चुकली तर खाली उतरून पुन्हा चढायचे. त्याच्या पुढेच तशाच पायऱ्या आहेत, पण मध्ये खड्डा आहे. म्हणजे आधी बिनधोक सराव, मग परीक्षा. आम्ही बी.एड.ला ‘सोप्याकडून कठिणाकडे’ हे सूत्र पाठ केले. येथे ते विटांनी बांधून दाखवले आहे.

ज्यांना पुढे इंजिनिअर व्हायचे आहे त्यांनी हेही ऐकावे. हा सारा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवला आहे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोदेखील याच्या अनेक पटींनी मोठा असतो. मग एवढ्याशा जागेत ३२ टप्पे कसे मावले? काटकसरीने. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे एकाच आकाराची आहेत. रंग तेवढा पांढऱ्याचा हिरवा केला. मारिओ प्रथम १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळात आला. तेव्हा थोड्याशा ठिपक्यांत तोंड नीट काढता येईना, म्हणून मिशी दिली. केस काढणे अवघड, म्हणून टोपी घातली. साधने अपुरी होती, पण त्या अपुरेपणातूनच जगभर ओळखला जाणारा चेहरा तयार झाला. आमच्या घरी स्वतंत्र खोली नाही, महागडा क्लास नाही, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती मिशी आठवावी.

आता दोन शब्द पालकांशी.

या खेळात मूल शंभर वेळा पडते आणि हसत उठते. प्रत्येक प्रदेशाच्या शेवटी किल्ला जिंकावा, तर निरोप मिळतो की राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. असे एकदा नव्हे, सात वेळा घडते. तरी मूल खेळ सोडत नाही. तेच मूल गणिताचे एक उदाहरण चुकले की वही मिटते. का? कारण खेळात चुकण्याची किंमत लहान असते आणि पुढची संधी लगेच मिळते. आपल्या घरात काय होते? मुलगा नववीत नापास झाला की त्याला गॅरेजवर नाहीतर दुकानावर बसवले जाते. मुलगी नापास झाली तर ‘आता शिकून काय करायचे’ म्हणून स्थळे पाहायला सुरुवात होते. चुकल्याबद्दल खेळ मुलाला एक पाऊल मागे नेतो. आपण त्याला मैदानाबाहेर काढतो. बंधु-भगिनींनो, आपल्या समाजाची किती बुद्धी अशी वाया जाते, याचा शांतपणे विचार करा.

दारे बंद नाहीत. राज्य मंडळाने २०१५ पासून दहावीत नापास झालेल्यांची परीक्षा त्याच वर्षी जुलैच्या सुमारास घेण्याची पद्धत सुरू केली, ती वर्ष वाचावे म्हणूनच. शाळा सुटलेल्या मुलामुलींना १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येते. ज्या घरात असे मूल असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी शाळेत येऊन चौकशी करावी. संकोच करू नये.

मित्रांनो, माझ्या बोलण्याचा सोयीस्कर अर्थ मात्र काढू नका! सरांनी गेम खेळायला सांगितले, असे घरी जाऊन सांगाल तर अम्मी माझ्याकडे तक्रार घेऊन येतील. मारिओला नवा जीव मिळतो, पण हातची संध्याकाळ पुन्हा मिळत नाही. नमाज, अभ्यास, घरचे काम आणि झोप यांच्यातून उरलेल्या वेळेतच खेळ. आणि खेळताना स्वतःला विचारा: हे कोणी रचले असेल, कसे रचले असेल? या खेळाचे टप्पे आधी कागदावर आखले गेले होते. चौकटीची वही आणि पेन्सिल तुमच्याजवळही आहे. एक टप्पा स्वतः आखून पाहा. आधी सोपी उडी, मग अवघड.