तक्रार कोणाकडे न्यावी?



रस्त्यावरील खड्डा सर्वांनाच दिसतो; परंतु तो बुजविण्याची जबाबदारी कोणाची, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना ते ठाऊक नसते, ते एक तर गप्प बसतात किंवा या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालतात. या अडचणीवर ब्रिटनमधील 'मायसोसायटी' या संस्थेने २००७ साली 'फिक्समायस्ट्रीट' हे संकेतस्थळ सुरू करून उपाय योजला.

इंग्लंडच्या अनेक भागांत स्थानिक कारभार दोन स्तरांवर चालतो. रस्ते काउंटी कौन्सिलकडे, तर घरोघरचा कचरा उचलणे डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे असते. हा भेद नागरिकाला माहीत असण्याची गरज येथे उरत नाही. तो नकाशावर जागेची खूण करतो, तक्रारीचा प्रकार निवडतो आणि शक्य तर छायाचित्र जोडतो. जागा व प्रकार यांवरून जबाबदार कचेरी निश्चित होते आणि तक्रार तिच्याकडे रवाना होते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ही तक्रार सर्वांना वाचता येते. शेजाऱ्याने ती आधीच केली असेल, तर दुसरा नागरिक तिच्यात आपल्या माहितीची भर घालू शकतो. चार आठवड्यांनंतर तक्रारदाराकडे दुरुस्ती झाली किंवा कसे, अशी विचारणा केली जाते. या संकेतस्थळाची संगणकप्रणाली सर्वांना खुली असल्यामुळे नॉर्वेमध्ये २०११ साली व झुरिक शहरात २०१३ साली तिच्या आधारे अशीच सेवा सुरू झाली.

तथापि, संगणक खड्डा बुजवीत नाही. तो निदान करतो. उपचार कचेरीनेच करावयाचा असतो.

आपल्याकडेही काही रस्ते ग्रामपंचायतीचे, काही जिल्हा परिषदेचे, तर काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे असतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये, दुसऱ्या कार्यालयाशी संबंधित अर्ज आल्यास तो पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवून अर्जदाराला तसे कळवावे लागते. हेच तत्त्व खड्ड्याच्या, नळाच्या वा दिव्याच्या तक्रारीला लावण्यासाठी कोणत्याही यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. आलेली तक्रार, ती कोणाकडे पाठविली आणि तिचे पुढे काय झाले, एवढे तारखांसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिले, तरी ग्रामस्थांचे अनेक हेलपाटे वाचतील आणि कारभारावरील त्यांचा विश्वास दृढ होईल.