पाण्यातला तरू



मंडळाच्या वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावे अशी अध्यक्षबाईंची आज्ञा झाली. मी सातवीपर्यंत शिकलेली, सभेत बोलण्याचा सराव नाही. गेल्या पावसाळ्यात हातून जे घडले, तेवढेच सांगते.

सासूबाई गेल्यावर त्यांच्या फडताळात एक पुरचुंडी निघाली. आत राखेत घोळलेले वांग्याचे बी होते, आमच्या परसातल्या काटेरी वांग्याचे. परसाच्या जागी आता नवे घर उभे आहे. आपल्या शिराळ्याचा पाऊस तुम्ही जाणताच. आषाढात गच्चीवर कुंडीत तरू टाकला, पण माती निथळेचना. रोपे उगवली आणि देठाशी कुजून आडवी झाली. पुरचुंडीत वीस बिया उरल्या. त्या गेल्या की सासूबाईंचे वांगेही गेले!

मुलगी म्हणाली, "आई, मातीशिवाय लाव." या रीतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात. अमेरिकेतील गेरिक नावाच्या शास्त्रज्ञाने 1937 साली हे नाव रूढ केले. नाव अवघड असले तरी साहित्य घरचेच. एक झाकणाचा डबा, झाकणाला भोके, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत नारळाच्या काथ्याचा धुतलेला भुसा आणि खाली पाणी.

श्रावणात दहा बिया लावल्या आणि डबा देवघराच्या कोपऱ्यात ठेवला. रोपे घटातल्या धनासारखी भराभर उंच झाली. मला कोण आनंद! पण ती फिकट दिसू लागली, म्हणून पाण्यात चिमूटभर युरिया टाकला. पाने करपली, देठ लवले, दहाच्या दहा गेली.

त्या रात्री जेवण गेले नाही. मग विचार केला. घटाचे धन अंधारात पिवळे, उंच वाढते. दसऱ्याला ते टोपीत नि वेणीत खोवायचे असते, नऊ दिवस तगले की पुरे. ज्या रोपाला चार महिने उभे राहून फळ धरायचे, त्याने उजेडासाठी मान ताणली तर देठात बळ कोठून येणार? निरोगी रोप बुटके, जाड देठाचे आणि गर्द हिरवे असते. उंची पाहून भुलू नये.

उरलेल्या दहा बिया भाद्रपदात लावल्या. अंकुर वर दिसताच डबा पूर्वेच्या पडवीत आणला. तेथे ऊन लागते, पाऊस लागत नाही. पहिली दोन पाने बियांतल्या शिदोरीवर जगतात, तोवर नुसते पाणी. खरी पाने फुटल्यावर दहा लिटर पाण्याला चहाचा एक सपाट चमचा 19:19:19 आणि एक कॅल्शियम नायट्रेट. ही दोन्ही घट्ट एकत्र कालवू नयेत, पांढरा साका बसून सत्त्व वाया जाते. एक पुरते विरघळले की मगच दुसरे.

मुळांना वाराही लागतो. म्हणून पाणी मुळांच्या टोकांपुरतेच ठेवले, वर मोकळी जागा सोडली. डब्याला काळे फडके गुंडाळले, नाहीतर उजेडाने पाण्यात शेवाळ धरते. रिकाम्या फटी बुजवल्या, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठल्या पाण्यात वाढतो.

दहांपैकी आठ उगवली, सात तगली. पाच आठवड्यांनी, थोडे थोडे ऊन दाखवून, ती गच्चीवर मातीच्या पिंपांत लावली. मार्गशीर्षात भरल्या वांग्याचा पहिला नैवेद्य सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवला. ह्यांनी घास घेतला आणि म्हणाले, "आईच्या हातचं!" मसाला माझाच होता, पण मी काही बोलले नाही.

प्रत्येक झाडावरचे एक वांगे मी पिवळे होईस्तोवर खुडले नाही. त्याचे बी राखेत घोळून पुड्या बांधून आणल्या आहेत. एका घरी ठेवलेले बी एका पावसात जाते, हे मी पाहिले. म्हणून एकेक पुडी प्रत्येकीने न्यावी. अट एकच, आपणही एक वांगे बियाला राखावे आणि शेजारणीला पुडी द्यावी.