आकड्यांचा रोजमेळ : मुक्त संगणक प्रणालीवर संख्याशास्त्राची आज्ञावली

(गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण आज ज्या गुलमंडीत जमलो आहोत ती या शहराची जुनी बाजारपेठ आहे. एका अंगास पैठण गेट, दुसऱ्या अंगास सिटी चौक, आणि मधोमध पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दुकाने. या पेठेने हिशेबाची एक रीत जपली. दिवसाची प्रत्येक देवघेव रोजमेळात, तेथून ती खतावणीत, आणि वर्षाखेरीस ताळेबंद. ताळेबंदातील एखाद्या रकमेविषयी शंका आली, तर खतावणीतून रोजमेळापर्यंत मागे जाता येते. ही वाट मागे चालता येते, म्हणूनच त्या हिशेबावर विश्वास बसतो.

सार्वजनिक कामातील आकड्यांची स्थिती याहून वेगळी आहे. गावाचे सरासरी उत्पन्न, शाळेची पटसंख्या, मंडळातील पर्जन्यमान हे आकडे आपल्या हाती येतात ते ताळेबंदाच्या स्वरूपात. ते कोणत्या नोंदींतून, कोणत्या रीतीने निघाले, हे दाखविणारा रोजमेळ बहुधा जवळ नसतो. तो ठेवण्याचे एक उत्तम साधन आज विनामूल्य उपलब्ध आहे. लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणारी ‘आर’ नावाची संख्याशास्त्रीय आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, हे ते साधन होय. लिनक्सची ओळख नसलेल्या माणसाने ते कसे बसवावे व कसे सांभाळावे, हा आजचा विषय आहे.

एका आकड्याचे मोल

प्रथम एक कल्पित उदाहरण घेऊ. एका महसूल मंडळात पीक कापणीचे सात प्रयोग झाले आणि प्रत्येक प्लॉटमधून आलेले उत्पन्न किलोग्रॅममध्ये असे नोंदले गेले : ८, ९, ९, १०, ११, १२ आणि ३२. बेरीज ९१, सरासरी १३. समजा, उंबरठा उत्पन्न ११ आहे. सरासरी त्याहून अधिक, म्हणून विम्याची भरपाई नाही. आता मूळ कागद पाहता असे आढळले की, शेवटची नोंद १२ होती, ती उतरवून घेताना ३२ झाली. बेरीज ७१ होते, सरासरी १०.१४ वर येते आणि तेच मंडळ भरपाईस पात्र ठरते. एका अंकाच्या चुकीवर साऱ्या मंडळातील शेतकऱ्यांचा खरीप अवलंबून राहिला.

सरासरीबरोबर मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडले असता मधोमध येणारा आकडा, पाहण्याची सवय असती तर ही चूक तेव्हाच डोळ्यांत भरली असती. मध्यक १० आणि सरासरी १३, एवढी तफावत दिसताच जाणता माणूस मूळ नोंदीकडे वळतो.

पीक कापणीचे हे शास्त्र आपल्याला परके नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. पानसे यांनी यदृच्छ निवडीने, म्हणजे कोणाच्याही मर्जीवर न सोडता, प्लॉट निवडून उत्पन्नाचा अंदाज काढण्याची पद्धत या देशात रुजविली. शेतीतील संख्याशास्त्रावरील त्यांचा संयुक्त ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला. पद्धत आपल्याकडे होती. गणिताचे साधन मात्र दीर्घकाळ महाग होते.

‘आर’ आणि लिनक्स

ते साधन न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात सिद्ध झाले. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन अध्यापकांनी १९९० नंतरच्या वर्षांत ‘आर’ रचली आणि १९९५ साली ती मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. मुक्त परवान्याचा अर्थ असा की, ती कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी. लिनक्स प्रणालीचा गाभाही याच वृत्तीचा. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा प्रारंभ केला. त्यावर उभारलेल्या डेबियन व उबुंटू या प्रणाली आज विशेष परिचित आहेत. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ नावाची प्रणाली तयार केली, आणि केंद्र शासनाने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींच्या वापराचे धोरण जाहीर केले.

आजच या विषयाकडे वळण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार संपला. अनेक शाळांतील व कार्यालयांतील जुने संगणक तिच्या पुढील आवृत्तीस चालत नाहीत. असे संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालवून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

बसविण्यापूर्वी

येथे उतावळेपणा नको. संगणक कार्यालयाचा असेल, तर वरिष्ठांची अनुमती घ्यावी. त्यातील सर्व कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती प्रत उघडते की नाही, हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. काही शासकीय कामांना, विशेषतः डिजिटल सहीच्या उपकरणांना, विशिष्ट प्रणाली लागते; म्हणून कार्यालयातील एक संगणक पूर्वीप्रमाणेच ठेवावा.

उबुंटूसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरून, संगणकात काहीही न बदलता, चालवून पाहता येते. पडदा, कळफलक व छपाईयंत्र नीट चालतात की नाही, हे त्या अवस्थेत कळते. अशा चाचणीच्या वेळी बसविलेली आज्ञावली मात्र संगणक बंद होताच नाहीशी होते, हे नवख्याने ध्यानात ठेवावे. कायमची प्रणाली निवडताना उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती घ्यावी. अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात.

भांडारातून घ्यावे

नवख्याला पहिला धक्का बसतो तो येथे. आजवर त्याला जेथे सापडेल तेथून आज्ञावली उतरवून घ्यावयाची सवय असते. लिनक्सची रीत निराळी आहे. प्रत्येक प्रणालीचे स्वतःचे भांडार असते व आज्ञावली तेथूनच मागवावयाची असते. भांडाराच्या यादीवर सांकेतिक स्वाक्षरी असते. बाजारातील वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का पाहावा, तद्वत् संगणक ही स्वाक्षरी स्वतः पडताळतो. शिवाय, मागविलेल्या वस्तूला आणखी ज्या पूरक वस्तू लागतात, त्याही भांडार आपण होऊन पाठविते.

उबुंटूत किंवा डेबियनमध्ये ‘टर्मिनल’ ही खिडकी उघडून दोन आज्ञा द्यावयाच्या. पहिली ‘सुडो आप्ट अपडेट’. हिने भांडाराची यादी ताजी होते. दुसरी ‘सुडो आप्ट इन्स्टॉल आर-बेस’. हिने ‘आर’ बसते. या आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावयाच्या असतात. ‘सुडो’ म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने. संगणक परवलीचा शब्द विचारतो. तो टंकताना अनेकदा पडद्यावर काहीच उमटत नाही. कळफलक बिघडला असे समजून अनेक जण येथेच थांबतात. थांबू नये, शब्द पुरा करून ‘एंटर’ कळ दाबावी. पुढे ‘आर’ सुरू करताना मात्र तेच एक रोमन अक्षर मोठे टंकावे, कारण ही प्रणाली लहान व मोठे अक्षर वेगळे मानते.

केवळ आज्ञांच्या भाषेचा संकोच वाटणाऱ्यांसाठी ‘आर कमांडर’ हा जोडसंच आहे. त्यात यादीतून पर्याय निवडून काम करता येते. निवडलेल्या पर्यायाची आज्ञाही तो लिहून दाखवितो, म्हणून शिकणाऱ्यास तो विशेष उपयोगी आहे.

जोडसंचांची व्यवस्था

‘आर’ची खरी श्रीमंती तिच्या जोडसंचांत आहे. ‘क्रॅन’ या तिच्या मध्यवर्ती कोठारात वीस हजारांहून अधिक जोडसंच आहेत. नवख्याच्या बहुतेक अडचणीही येथेच उद्भवतात. त्यांपैकी तीन मुख्य आहेत.

पहिली अडचण अधिकाराची. ‘आर’मधून जोडसंच मागविला की, सामाईक जागेत लिहिण्याचा अधिकार नाही, वैयक्तिक संग्रह तयार करू का, असे संगणक विचारतो. होकार द्यावा. अडथळा टाळण्यासाठी ‘आर’च व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालविणे ही वाईट सवय आहे, त्यामुळे सामाईक व वैयक्तिक वस्तूंची सरमिसळ होते आणि पुढे ती निस्तरणे कठीण जाते.

दुसरी अडचण जुळणीची. विंडोजवर जोडसंच तयार स्वरूपात मिळतात. लिनक्सवर क्रॅनकडून सामान्यतः त्यांची मूळ संहिता येते आणि ती आपल्याच संगणकावर जुळवावी लागते. त्यासाठी ‘आर-बेस-डेव्ह’ हे गाठोडे आधी बसवावे. तरीही काम अडले तर घाबरून जाऊ नये. त्रुटीसंदेशाच्या अखेरच्या ओळींऐवजी पहिली त्रुटी शोधून वाचावी. कोणती पूरक वस्तू नाही, हे बहुधा तेथेच लिहिलेले असते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे ‘आर-क्रॅन’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या नावांची तयार गाठोडी प्रणालीच्या भांडारातूनच घ्यावी. सर्व जोडसंच तेथे नसतात, परंतु नित्याचे असतात.

तिसरी अडचण आवृत्तीची. दीर्घ आधाराच्या प्रणालीत ‘आर’ची आवृत्ती गोठविलेली असते. उदाहरणार्थ, उबुंटूच्या एप्रिल २०२४ च्या आवृत्तीत ‘आर ४.३.३’ आहे. नित्याच्या कामास ती पुरते. नव्याचा सोस नसावा. नवी हवीच असेल, तर क्रॅनने उबुंटूसाठी ठेवलेले भांडार, त्याची स्वाक्षरीची किल्ली पडताळून, जोडता येते. वैयक्तिक संग्रहाच्या खणाला आवृत्तीचा क्रमांक असतो. ‘आर’ ४.३ वरून ४.४ वर नेली की ती नव्या खणात पाहू लागते आणि जुने जोडसंच नाहीसे झाल्यासारखे वाटतात. ते जुन्या खणात असतातच, परंतु नव्या आवृत्तीसाठी ते पुन्हा बसवावे लागतात. म्हणून वर्षाच्या अहवालाचे काम चालू असताना मध्येच आवृत्ती बदलू नये.

आवृत्तीची नोंद का हवी

ही केवळ तांत्रिक काटेकोरपणाची बाब नाही. प्लॉटांची यदृच्छ निवड संगणकाकडून करविताना ‘सेट.सीड’ या आज्ञेने आरंभीचा एक अंक ठरवून दिला, तर तीच निवड दुसऱ्या कोणासही पुन्हा करून पाहता येते. निवड पक्षपाताने झाली असा आरोप आल्यास हा मोठाच आधार आहे. परंतु २०१९ साली निघालेल्या ‘आर ३.६.०’मध्ये यदृच्छ निवडीची अंतर्गत रीत सुधारली गेली. परिणामी तोच आरंभीचा अंक देऊनही जुन्या व नव्या आवृत्तीत निवड निराळी येऊ शकते. आवृत्ती लिहून ठेवलेली नसेल, तर प्रामाणिक निवडही सिद्ध करता येणार नाही. ‘सेशनइन्फो’ या एका आज्ञेने ‘आर’ची व जोडसंचांची आवृत्ती मिळते, ती प्रत्येक अहवालास जोडावी.

मराठी नावे, सांकेतिक क्रमांक

आपल्या कामातील आणखी काही खाचखळगे सांगतो. जुन्या मराठी टंकांत टंकलेली गावांची नावे नव्या प्रणालीत निरर्थक चिन्हे होऊन दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत. युनिकोडमधील देवनागरी लिनक्सवरील ‘आर’ नीट वाचते, परंतु देवनागरी अंकांना ती संख्या मानत नाही. म्हणून मूळ तक्त्यात संख्या आंतरराष्ट्रीय अंकांतच टंकाव्यात. छापील अहवालात त्या देवनागरीत द्याव्यात. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक किंवा गावाचा सांकेतिक क्रमांक हे वस्तुतः नाव आहे. त्याची बेरीज करावयाची नसते, म्हणून तो शब्दरूपानेच वाचवावा; अन्यथा काही क्रमांकांच्या आरंभीची शून्ये गळतात आणि दोन तक्ते जुळेनासे होतात.

तीन नियम

आपल्या शाळेने, पंचायतीने वा कार्यालयाने तीन नियम पाळावेत, असे मी सुचवितो.

१. मूळ नोंदींच्या फाईलला कधीही हात लावू नये. दुरुस्ती करावयाची ती आज्ञांच्या संहितेत, कारण व दिनांक लिहून करावी. आपल्या उदाहरणातील ३२ चे १२ करणारी ओळ त्या संहितेत कायम राहील आणि कोणीही ती तपासू शकेल.

२. मूळ नोंदी, संहिता व आवृत्तीची नोंद या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून त्यांची प्रत दुसऱ्या जागी जपावी. मात्र विद्यार्थ्यांची व लाभार्थ्यांची नावे आणि आधार क्रमांक वगळल्याशिवाय ही सामग्री बाहेर देऊ नये.

३. अहवाल पाठविण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीने, दुसऱ्या संगणकावर तीच संहिता चालवून तेच उत्तर येते की नाही, हे पाहावे. परवान्याचा खर्च नसल्यामुळे हा दुसरा संगणक शेजारच्या शाळेतलाही असू शकतो.

शिकण्याची सोयही आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सवरील व ‘आर’वरील ध्वनिचित्रपाठ विनामूल्य उपलब्ध केले आहेत, त्यांतील अनेक पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात. आपल्या जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातून दोन शिक्षक आणि एक ग्रामपंचायत अधिकारी एवढ्यांनी जरी हे काम हाती घेतले, तरी सत्तावीस जाणत्या माणसांचा गट उभा राहील.

साधन विनामूल्य आहे. त्याची शिस्त मात्र आपल्यालाच लावून घ्यावी लागेल. ग्रामसभेत एखाद्या शेतकऱ्याने उठून ‘हा आकडा कोठून आला?’ असे विचारले, तर मूळ नोंदींपासून अखेरच्या बेरजेपर्यंतची वाट त्याच्यासमोर उलगडून दाखविता आली पाहिजे. तसे विचारण्याचा त्याला हक्क आहे, आणि तसे दाखविण्याची सोय आता आपल्या हाती आहे.