बुजलेल्या टाकीचा शोध

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावाच्या वेशीवर, हमरस्त्याला लागून कधी काळी एक पेट्रोल पंप होता. रस्ता रुंद झाला, पंप दुसरीकडे गेला. आज त्या जागी दुकानांचे गाळे उभे आहेत, किंवा मुले तेथे क्रिकेट खेळतात. ही हकीकत एकाच गावाची नव्हे. जमिनीवरचे सारे गेले म्हणजे जमिनीखालचेही गेले, असे आपण धरून चालतो. परंतु इंधनाची पोलादी टाकी जमिनीत पुरलेली असते. ती उकरून काढली, वाळूने भरली, की तशीच सोडून दिली, हे वीस वर्षांनी सांगणारा माणूस सहसा सापडत नाही. अशा जुन्या टाक्यांमुळे माती व भूजल दूषित झाले आहे काय, याचा तपास कसा होतो आणि त्यात आपला वाटा कोणता, एवढाच आजचा विषय आहे.

पोलाद ओल्या मातीत गंजते. नळांचे सांधेही कालांतराने सैल होतात. सेकंदाला एकच थेंब गळतो असे धरले, तरी दिवसाला सुमारे चार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर इंधन जमिनीत मुरते. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते. मात्र त्यातील बेंझीन काही अंशी पाण्यात विरघळते. बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य होय. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम सुचविली आहे. आपल्याकडील पेट्रोलमध्ये बेंझीनचे प्रमाण शेकडा एकपर्यंत असू शकते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलातील एवढे बेंझीन आठ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. सर्वच बेंझीन पाण्यात उतरते असे नाही. काही उडून जाते, काही मातीतील जिवाणू नष्ट करतात. तरीही धोक्याचे माप यावरून ध्यानात यावे.

ही भीती कल्पनेतली नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सांता मोनिका शहराच्या चार्नॉक विहिरींत १९९५ साली पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एम.टी.बी.ई. हे द्रव्य आढळले. १९९६ साली त्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा जवळजवळ निम्मा पाणीपुरवठा हातचा गेला. परिसरातील पंपांच्या भूमिगत टाक्या व इंधनवाहिन्या एकेक करून तपासण्यात आल्या. शुद्धीकरण केंद्र उभारून ते पाणी पुन्हा वापरात आणण्यास चौदा-पंधरा वर्षे लागली. त्या देशात भूमिगत टाक्यांसंबंधी कायदा १९८४ साली झाला. तेव्हापासून गळतीची पाच लाखांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली आहेत.

तपास तीन पायऱ्यांनी होतो. पहिली पायरी कागदाची. जिल्हाधिकारी कार्यालयातील ना हरकत प्रमाणपत्राची फाईल, नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटके सुरक्षा संघटनेकडील परवान्याचा नकाशा, पंपाची साठा नोंदवही, यांवरून टाक्या किती व कोठे होत्या हे कळते. नोंदवहीत डिपच्या काठीचे माप आणि विक्रीचा आकडा यांत सतत तूट दिसली, तर तोच गळतीचा पहिला पुरावा.

दुसरी पायरी मातीची. टाकीच्या दोन्ही टोकांखालून, नळांच्या मार्गावरून आणि इंधन सोडणाऱ्या यंत्राखालून नमुने घेतात. हे काम तज्ज्ञांचेच. अशा खड्ड्यात साठलेली वाफ पेट घेते, गुदमरवतेही. कोणीही त्यात उतरू नये आणि जवळ विडी-काडी पेटवू नये.

तिसरी पायरी पाण्याची. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे ठरविण्यास, एका ओळीत नसलेल्या, निदान तीन विहिरींची पातळी मोजावी लागते. शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांना जरूर समजावून द्यावा. बेंझीन उडून जाणारे असल्याने नमुना काचेच्या बाटलीत, हवेचा बुडबुडाही न राहील असा काठोकाठ भरून, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. प्लॅस्टिकच्या बाटलीतून नेलेला नमुना खोटा दिलासा देऊ शकतो.

महाराष्ट्रापुरती एक अडचण अधिक आहे. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी वाळूतल्यासारखे सारखे पसरत नाही. भेगांतून वाट काढते. यास्तव पंपालगतची विहीर निर्दोष आणि दूरची दूषित, असेही घडू शकते. शिवाय पावसाळ्यात पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते, आणि तिच्याबरोबर तेलाचा थर मातीला माखत राहतो. म्हणून एकच तपासणी पुरत नाही. पावसाळ्यापूर्वी व नंतर, अशी दोनदा तरी ती करावी लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वास येत नाही म्हणजे पाणी चांगले, असे नव्हे. बेंझीन मर्यादेच्या कितीतरी पट वाढल्याखेरीज त्याचा वास येत नाही. विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकल्यानेही ते जात नाही.

मग पंचायतीने काय करावे? १९७४ च्या जल प्रदूषणविषयक अधिनियमाचे २४ वे कलम विहिरीत वा जमिनीवर दूषित द्रव्य सोडण्यास मनाई करते. केंद्र शासनाच्या दूषित स्थळांविषयीच्या २०२५ च्या नियमांनी संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी करण्याचे काम स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासन यांच्याकडे दिले आहे. ही यादी मंत्रालयात बसून होणार नाही. गावात पंप कोठे होता, कोणत्या कारखान्याला वा वाहन आगाराला डिझेलची टाकी होती, हे गावातील वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. त्यांना विचारून ती जागा गावनकाशावर खुणावावी, ग्रामसभेत नोंद करावी, आणि शंका असल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळास व जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेस लेखी कळवावे. नवी विंधन विहीर घेण्यापूर्वी तो नकाशा एकदा अवश्य पाहावा.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. ती कोठे खणू नये, हेही आपणास ठाऊक असले पाहिजे. टाकी कोठे पुरली होती हे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम सोपे आहे. गावी परतल्यावर या महिन्यातच त्यांची गाठ घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.